क्षयजंतूचा स्निग्ध संसार

रोगजंतूंच्या कुळात क्षयाचा जंतू मोठा विलक्षण आहे. पटकीचा जंतू माणसाला काही तासांत आडवा करतो, विषमज्वराचा काही दिवसांत. क्षयाच्या जंतूला अशी घाई म्हणून नाही. आपल्या आतड्यातला साधा जंतू प्रयोगशाळेत वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. याला त्याच कामी सुमारे वीस तास लागतात. पटकीच्या जंतूसारखे जहाल विष त्याच्यापाशी नाही आणि पोहण्यासाठी शेपटीही नाही. असा हा मंद, वरवर निःशस्त्र जीव हजारो वर्षे मनुष्यजातीच्या छातीत ठाण मांडून बसला आहे, आणि जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण आजही आपल्या भारतात आहेत. मग याचे बळ आहे तरी कशात? त्याचे बळ त्याच्या तेलात आणि मेणात आहे. हा जंतू आपल्या अंगी स्निग्ध द्रव्ये कशी तयार करतो, त्यांच्यावर अंमल कसा ठेवतो, आणि हे जाणून घेतल्याने आपल्या हाती काय लागते, हे येथे पाहावयाचे आहे.

चऱ्होलीच्या श्रोत्यांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. नदीच्या वळणाने आळंदी जवळ, आणि दुसऱ्या अंगाने भोसरी व पिंपरीची कारखानदारी. त्याच पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली. प्रथम तेथे पेनिसिलीन होऊ लागले आणि पुढच्या दशकात क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसीनही. पेनिसिलीनने कितीतरी जंतू पटापट मरतात. क्षयजंतूवर मात्र ते एकटे काही चालत नाही. असे का, याचा उलगडा करता करता शास्त्रज्ञ ज्या दाराशी येऊन पोहोचले, ते दार या मेणाच्या भिंतीचेच होते.

या भिंतीची पहिली चाहूल रंगाऱ्याच्या कामातून लागली. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. तो त्याआधी कोणाला दिसला नव्हता याचे एक कारण असे, की तो नेहमीचे रंग घेतच नसे. त्याच वर्षी पाउल एर्लिख यांना आढळले, की महत्प्रयासाने एकदा का त्याने रंग धरला, की मग तीव्र आम्लाने धुतले तरी तो सोडत नाही. बाकीचे जंतू आणि पेशी आम्लाने पांढऱ्याफटक होतात. हा तेवढा रंगीत राहतो. झील आणि नील्सेन या दोघांनी ही रीत पुढे पक्की केली. थुंकीचा पातळ थर काचेवर वाळवायचा, लाल फुक्सिन टाकून खालून ऊब द्यायची, आम्लाने धुवायचे, आणि वर निळा रंग द्यायचा. सूक्ष्मदर्शकात निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या दिसल्या, की निदान झाले. गेल्या शतकात आपल्याकडील लाखो रुग्णांचे निदान याच रीतीने झाले.

मेणकापडावर पाणी टाकले तर ते ओघळून जाते, पण तेच कापड ऊन रंगात बुडवून ठेवले आणि रंग एकदा मेणात शिरला, की तो साध्या धुण्याने निघत नाही. क्षयजंतूचे तसेच आहे. रोग ओळखण्याची खूण आणि रोगाचे बळ या दोन्ही गोष्टी एकाच वस्त्रात विणलेल्या आहेत. परंतु शत्रूची ओळख पटली म्हणजे तो हटला असे होत नाही. कॉख यांच्या घोषणेनंतर पाच वर्षांनी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यात क्षयाने गेल्या. त्यांचे वय अवघे एकवीस होते. अमेरिकेत जाऊन वैद्यकाची पदवी घेतलेल्या या पहिल्या महाराष्ट्रीय स्त्रीला जंतूचे नाव कळलेले होते. औषध मात्र जगात कोणापाशीच नव्हते.

ते मेण आहे तरी काय, हे शोधण्याचे चिकाटीचे काम अमेरिकेतील येल विद्यापीठात रुडॉल्फ अँडरसन आणि त्यांचे सहकारी यांनी १९२० नंतरच्या वर्षांत केले. जंतूंचे मोठाले साठे वाढवून त्यांतून त्यांनी एकेक स्निग्ध द्रव्य वेगळे काढले. तेव्हा दिसून आले, की वाळलेल्या क्षयजंतूच्या वजनात स्निग्ध द्रव्यांचा वाटा चाळीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत तेल सुमारे पन्नास ग्रॅम निघते, हे ध्यानात घेतले म्हणजे हा जंतू जवळजवळ तेलबियांच्या पंक्तीला बसतो असे म्हणावे लागेल. या द्रव्यांतले सर्वांत महत्त्वाचे ते मायकॉलिक आम्ल. अँडरसन यांच्या गटाने १९३८ साली ते वेगळे काढले.

आता मेदाम्ल म्हणजे काय, हे दोन वाक्यांत सांगितले पाहिजे. कार्बनचे अणू एकापुढे एक जोडलेली साखळी, तिच्या अंगाला हायड्रोजन, आणि एका टोकाला आम्लाचा गट, एवढेच त्याचे स्वरूप. आपल्या खाण्याच्या तेलातुपातली बहुतेक मेदाम्ले सोळा किंवा अठरा कार्बनांची असतात. क्षयजंतूचे मायकॉलिक आम्ल मात्र साठ ते नव्वद कार्बनांचे! त्याला दोन फाटे असतात. एक आखूड, सुमारे चोवीस-सव्वीस कार्बनांचा, आणि दुसरा पुष्कळच लांब. लांब फाट्यावर ठिकठिकाणी तीन कार्बनांच्या लहान कड्या किंवा ऑक्सिजनचे गट बसवलेले असतात. अशी असंख्य आम्ले जंतूच्या बाहेरच्या अंगाला दाटीवाटीने उभी राहतात, आणि त्यांची मुळे आतल्या साखरेच्या जाळीत पक्की रोवलेली असतात. शाकारणीचे गवत जसे आड्याला बांधून घट्ट दाबून बसवतात, म्हणजे पावसाचा थेंब आत शिरत नाही, तशी ही रचना आहे. पाण्यात विरघळणारी औषधे या छपरावरून ओघळून जातात. आपल्या शरीरातल्या भक्षक पेशी जंतूला गिळतात, त्याच्यावर विकरांचा व आम्लाचा मारा करतात. हा आपला मेणकवचात स्वस्थ राहतो.

एवढी लांब साखळी जंतू विणतो तरी कशी? इथे आपल्या परिसराचेच उदाहरण कामी येते. औद्योगिक पट्ट्यात माल दोन तऱ्हांनी तयार होतो. एका तऱ्हेत एकाच मोठ्या छपराखाली सगळी यंत्रे असतात. कच्चा माल एका दाराने आत गेला, की तयार वस्तू दुसऱ्या दाराने बाहेर पडते. दुसऱ्या तऱ्हेत लहान लहान शॉप असतात. कोणाकडे लेथ, कोणाकडे ड्रिलिंग, कोणाकडे पॉलिश. आणि जॉब टेम्पोत घालून एका शॉपमधून दुसऱ्यात फिरत राहतो. माणसाच्या पेशीत मेदाम्ले मुख्यतः पहिल्या तऱ्हेने होतात, तर बहुतेक जंतूंत व वनस्पतींत दुसऱ्या तऱ्हेने. क्षयजंतूची मौज ही, की त्याने दोन्ही तऱ्हा ठेवल्या आहेत, आणि एकीचा माल दुसरीला पुरवला जाईल अशी त्यांची सांगड घातली आहे.

पहिल्या कारखान्याला शास्त्रज्ञ फास-१ म्हणतात. हे तीन हजारांहून अधिक अमिनो आम्लांचे एकच अवाढव्य प्रथिन असून सगळी कामे त्याच्याच निरनिराळ्या अंगांकडून होतात. दोन कार्बनांच्या तुकड्यापासून आरंभ करून ते सोळा-अठरा कार्बनांची साखळी बनवते. आणि एवढ्यावर न थांबता काही साखळ्या चोवीस-सव्वीस कार्बनांपर्यंत नेते. यांतल्या लांब साखळ्या मायकॉलिक आम्लाचा आखूड फाटा होतात. सोळा कार्बनांचा माल पुढे दुसऱ्या कारखान्यात, म्हणजे फास-२ मध्ये जातो. येथे चार कामांसाठी वेगवेगळी विकरे आहेत. पहिले विकर साखळीला दोन कार्बन जोडते, आणि पुढची तीन त्या जोडावरचा ऑक्सिजन पायरीपायरीने काढून साखळी पुन्हा सरळ करतात. जॉब वाहून नेणारा टेम्पो म्हणजे एक लहानसे वाहक प्रथिन. एक फेरी झाली की दोन कार्बन वाढले, की पुन्हा पहिल्या शॉपमध्ये. अशा फेऱ्यांमागून फेऱ्या होऊन साखळी पन्नास कार्बनांच्या पलीकडे जाते. येथला कारखाना मुळातून माल करू शकत नाही. त्याला पहिल्याकडून आलेला अर्धवट जॉबच लागतो. फेऱ्यांच्या शेवटच्या पायरीवरील विकराचे नाव इन्ह-ए. हे नाव लक्षात ठेवावे. त्याच्याशी पुढे आपले काम पडणार आहे.

दोन फाटे तयार झाले, पण ते जोडायचे कसे? या जागी आपल्या देशात झालेल्या एका शोधाचे स्मरण करणे उचित होईल. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेत राजेश गोखले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली 'नेचर' या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. सजीवांत मेदाम्ल वापरायचे झाले, की आधी त्याला एका सहविकराची मूठ बसवतात, आणि मग ते बहुधा जाळून त्यातून शक्ती काढतात, असे सर्वांना ठाऊक होते. क्षयजंतूत ही मूठ बसवणारी म्हणून गणलेली विकरे तिसाहून अधिक होती. एवढ्यांचे प्रयोजन काय? गोखले यांच्या गटाने दाखवले, की त्यांतला एक वर्ग ती मूठ बसवतच नाही. तो मेदाम्लाला वेगळ्या रीतीने, ॲडेनिलेटच्या रूपात, जागे करतो आणि थेट बांधकाम करणाऱ्या विकरांच्या हाती देतो. म्हणजे जाळायचे सरपण आणि बांधायचे लाकूड यांच्या वाटा जंतूने दारातच वेगळ्या केल्या आहेत. मायकॉलिक आम्लाच्या दोन फाट्यांच्या जोडणीआधी लांब फाट्याला जागे करणारे विकर याच वर्गातले आहे.

यानंतर हा माल पेशीच्या आवरणाबाहेर पोहोचवणारे वाहक प्रथिन वेगळे, आणि भिंतीत रोवणारी विकरे आणखी वेगळी. एकूण संसार मोठाच. १९९८ साली क्षयजंतूची सगळी जनुकमाला वाचून झाली, तेव्हा सुमारे चार हजार जनुकांपैकी अडीचशेच्या आसपास जनुके मेदाच्याच कामावर असल्याचे दिसले. आपल्या आतड्यातल्या साध्या जंतूपाशी अशी जनुके पन्नासच्या घरात असतात.

लांबीचा एवढा सोस जंतूला का, अशी शंका येईल. तिचे उत्तर २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने दिले आहे. फास-२ मध्ये साखळीला अगदी शेवटचे कार्बन जोडण्याचे काम कॅस-बी नावाचे विकर करते. शास्त्रज्ञांनी क्षयजंतूतून त्याचे जनुक काढून टाकले. मायकॉलिक आम्ले तयार झालीच, फक्त दोन ते चार कार्बनांनी आखूड झाली. नव्वदांत दोन-चार म्हणजे काय मोठेसे? परंतु तेवढ्याने जंतूचा सव्वाशे वर्षांचा लौकिक गेला. आम्लाने धुतल्यावर तो रंग धरीना. आणि उंदरांच्या शरीरात तो वर्षभराहून अधिक काळ जिवंत राहिला खरा, पण त्याला रोग काही उत्पन्न करता आला नाही. छपराची पेंढी चार बोटे आखूड पडली आणि घर गळू लागले, असाच हा प्रकार.

मेण करणे हे खर्चाचे काम आहे. प्रत्येक दोन कार्बनांमागे शक्ती लागते. तेव्हा उपासमारीत किंवा संकटात हा कारखाना तसाच धडाडत ठेवणारा जीव टिकणार नाही. त्याला आवर घालण्याची व्यवस्था दुहेरी आहे. एक कचेरीतून निघणाऱ्या हुकमाची, दुसरी शॉपमधल्या ब्रेकची. हुकूम देणाऱ्यांत फास-आर नावाचे प्रथिन आहे. ते फास-१ च्या जनुकापाशी बसून त्याला चालना देते. त्याच्या पोटात एक लांबट खोबण आहे. पेशीत सोळा किंवा अधिक कार्बनांचा तयार माल साचू लागला, की तो या खोबणीत शिरतो; मग प्रथिनाचा आकार बदलतो, त्याची जनुकावरची पकड सुटते, आणि नवे काम मंदावते. गोदाम भरले की गोदामातला मालच मुनिमाला गप्प करतो. फास-२ च्या जनुकांवर अशाच जातीचा दुसरा नियामक आहे. अर्जेंटिनातील संशोधकांनी या दोहोंचा चांगला पाठपुरावा केला.

परंतु हुकमाचा परिणाम दिसायला वेळ लागतो, कारण आधीच तयार झालेली विकरे काम करीतच राहतात. तातडीसाठी ब्रेक हवा. जंतूच्या आवरणात बाहेरची परिस्थिती जोखणारी काही प्रथिने आहेत; ती फास-२ च्या विकरांवर फॉस्फेटचा गट चिकटवतात, आणि विकराचा वेग तेथल्या तेथे पडतो. इन्ह-ए वरही असा ब्रेक बसतो, हे २०१० साली निरनिराळ्या गटांनी दाखवले, आणि त्यांत दिल्लीच्या त्याच संस्थेतील एक गट होता. ही गोष्ट केवळ कुतूहलाची नाही. जंतू स्वतःच ज्या ठिकाणी आपला कारखाना थांबवतो, जवळपास त्याच ठिकाणी माणसानेही त्याला घाव घातला आहे.

तो घाव म्हणजे आयसोनियाझिड. हे रसायन १९१२ साली प्राग येथे मायर आणि माली या दोघांनी तयार केले होते. पण त्याचा उपयोग कोणालाच ठाऊक नसल्याने ते चाळीस वर्षे पडून राहिले. १९५१-५२ च्या सुमारास तीन औषधी कंपन्यांना स्वतंत्रपणे त्याचा गुण कळला. ते स्वस्त, पोटात घेण्याजोगे आणि क्षयजंतूवर विलक्षण जालीम. पिंपरीचे स्ट्रेप्टोमायसीन जंतूच्या प्रथिने करण्याच्या यंत्रावर घाला घालते. आयसोनियाझिड मेणाच्या कारखान्यावर. पण त्याची चाल कपटाची आहे. गोळीतले औषध मुळात निरुपद्रवी असते. ते जंतूत शिरले, की जंतूचेच कॅट-जी नावाचे विकर त्याला चेतवते. मग ते एका सहविकराशी जुळून इन्ह-ए च्या खाचेत जाऊन बसते. शेवटचे शॉप बंद पडले. अर्धवट जॉब साचले. नव्या भिंतीला गवत मिळेना. आणि वाढू पाहणारा जंतू उघडा पडून मरतो. कॅट-जी चे काम १९९२ साली आणि इन्ह-ए चे १९९४ साली उघड झाले. औषध चाळीस वर्षे लोकांचे प्राण वाचवत होते, ते कसे वाचवते हे नंतर कळले!

याच कुळातला कुष्ठरोगाचा जंतू येथे एक बोलका दाखला देतो. अमरावतीचे तपोवन आणि वरोऱ्याचे आनंदवन यांमुळे महाराष्ट्राला या रोगाची सामाजिक बाजू चांगली ठाऊक आहे. त्याच्या जंतूची जनुकमाला २००१ साली वाचली गेली. त्याची कितीतरी जनुके मोडून निकामी झाली आहेत, पण मायकॉलिक आम्लाचा कारखाना त्याने सोडलेला नाही. घरातले सगळे विकले तरी छप्पर कोणी विकत नाही. मात्र मोडलेल्या जनुकांत कॅट-जी आहे. त्यामुळे आयसोनियाझिड त्याच्या अंगात चेततच नाही, आणि कुष्ठरोगावर ते निरुपयोगी ठरते.

आता सर्वांत व्यावहारिक प्रश्न. एवढे नेमके औषध हाती असताना क्षयाच्या गोळ्या सहा महिने का घ्याव्या लागतात? पंधरा दिवसांत ताप उतरतो, महिन्या-दोन महिन्यांत खोकला कमी होतो, वजन भरू लागते. रुग्णाला वाटते, झाले काम. उत्तर पुन्हा मेदातच आहे. आयसोनियाझिड भिंत बांधणाऱ्याला मारते. ज्याने बांधकामच थांबवले आहे त्याला ते काय करणार? फुप्फुसातल्या कोंडलेल्या जागी, जेथे प्राणवायू तुटपुंजा, तेथे काही जंतू वाढ थांबवून पडून राहतात. झोपण्यापूर्वी ते तरतूद करतात. ज्या भक्षक पेशीत ते राहतात, तिचेच मेद आणि कोलेस्टेरॉल ते खातात, आणि चरबीचे थेंब करून आपल्या अंगात साठवतात. एरवी भिंतीकडे जाणारे मेद आता कोठारात जाते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात रुग्णांच्या थुंकीतल्या जंतूंतही असे थेंब आढळले. म्हणजे खोकल्याबरोबर बाहेर पडणारा जंतू पुढच्या माणसाकडे निघतो तो शिदोरी बांधूनच!

या निजलेल्यांना गाठण्यासाठी रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही औषधे जोडीला लागतात, आणि काळही लागतो. कारण ते एकदम जागे होत नाहीत. गोळ्या मध्येच सोडल्या, की शिदोरीवर जगलेले उठतात. शिवाय कोट्यवधी जंतूंत एखाद्याचे कॅट-जी मुळातच बिघडलेले असते, किंवा एखादा इन्ह-ए वाजवीपेक्षा जास्त बनवतो. अर्धवट औषधात बाकीचे मरतात आणि हे उरतात. पुढचे सारे पीक त्यांचे. अशा हट्टी क्षयासाठी आज डेलामानिड आणि प्रेटोमानिड यांसारखी नवी औषधे आहेत. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी, की तीदेखील मायकॉलिक आम्लाच्याच बांधणीत खोडा घालतात. पन्नास-साठ वर्षांनंतरही लढाई त्याच भिंतीपाशी चालू आहे.

पूर्वी क्षयरोग्याला आरोग्यधामात वर्ष वर्ष ठेवीत. मद्रास येथे १९५६ साली सुरू झालेल्या प्रयोगाने दाखवून दिले, की चाळीतल्या खोलीत राहून नीट औषध घेणारा गरीब रुग्ण आरोग्यधामातल्या रुग्णाइतकाच बरा होतो. १९५९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगाची रीत बदलली. त्या दिवसापासून क्षयाची लढाई इस्पितळातून घरात आली. घरात आली म्हणजे ती रोजच्या गोळीवर, त्या गोळीची आठवण करणाऱ्या माणसावर येऊन ठेपली.

आपल्या पट्ट्यात ही गोष्ट फार मोलाची आहे. चाकण, भोसरी आणि आसपासच्या गावांत दूरदूरच्या जिल्ह्यांतून, परप्रांतांतून माणसे कामाला येतात. काम सुटले, सुगी आली, घरी लग्न निघाले, की निघून जातात. दोन महिन्यांनी अंगात ताकद आलेला तरुण गावी गेला आणि गोळ्या इथेच राहिल्या, तर त्याच्या छातीतले शिदोरीवाले जंतू त्याच्याबरोबर प्रवास करतात. सरकारी उपचार मोफत आहे आणि रुग्णाची नोंद निक्षय या व्यवस्थेत असते. तो क्रमांक बरोबर नेला तर दुसऱ्या गावी उपचार पुढे चालू करता येतो. एवढे एक वाक्य शेजाऱ्याने शेजाऱ्याला, मुकादमाने कामगाराला सांगितले तरी पुष्कळ काम होईल. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर थुंकी तपासून घ्यावी, आणि निदान झाले तर कोणी लाजू नये, कोणी कोणाचे भांडे वेगळे काढू नये.

क्षयजंतूची भिंत दोन-दोन कार्बनांनी, सावकाश, न कंटाळता उभी राहते. ती पाडण्याचे साधन आपल्याकडे आहे; जे कमी पडते ते त्याच्याएवढी चिकाटी. सहा महिन्यांच्या गोळ्यांत शेवटच्या महिन्याची गोळी सर्वांत निरर्थक वाटते, कारण त्या वेळी रुग्णाला काहीच होत नसते. निजलेल्या जंतूपुरती तीच गोळी सर्वांत महत्त्वाची असते.